नसलेल्या डेपोंचे शनिवार

ऑक्टोबर सरता सरता एका सकाळी आमचं घर तापवणारी फर्नेस वर्षातून पहिल्यांदा धडधडून जागी होते आणि उन्हाळाभर पाइपांत साठलेली धूळ जळाल्याचा वास जिन्यावरून खाली उतरतो. नीलिमा स्वयंपाकघरातून ओरडते, "मिलिंद, काय जळून राहिलं बघ बरं!" माझी बायको नागपूरची, आणि इतकी वर्षं इथे काढूनही हा वास तिला दर वर्षी नवा असतो. मी ओरडून सांगतो, "काही नाही, हिवाळा आलाय." मग खिडकी उघडतो. बाहेर शेजाऱ्याचा लीफ ब्लोअर घुरघुरत असतो आणि त्याच्यापुढे मेपलची पानं जीव घेऊन आमच्या लॉनवर पळत येतात. शेजारी ती आमच्याकडे पाठवतो, मी रविवारी ती पुढच्या घराकडे पाठवतो. अमेरिकेतल्या, डेट्रॉइटजवळच्या आमच्या ट्रॉय गावात शेजारधर्म तो एवढाच. पायऱ्यांवरचे हॅलोविनचे भोपळे तोंडं आत ओढून बसलेले असतात, कवळी काढून ठेवलेल्या म्हाताऱ्यांसारखे.

यंदा या वासाबरोबर आणखी एक गोष्ट आली आहे. ऑफिसात मला गाडी अगदी दारापाशी लावायला मिळते. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीसाठी मी सॉफ्टवेअर लिहितो, आणि २००८ च्या या पानगळीत मोटारी कुणी घेत नाही, म्हणून निम्मं ऑफिस रिकामं झालंय. तेव्हा आपल्या मोटारीला जागा मिळाली याचा आनंद मानावा की नाही हे माझं अजून ठरलेलं नाही. त्या रिकाम्या पांढऱ्या पट्ट्यांमध्ये उभा राहिलो की मनात येतं, पुढेमागे कुणी हौशी माणूस इथे येईल, हात लांब करून "बघा, इथे एक ऑफिस होतं" म्हणेल, आणि ज्याला तो घेऊन आलेला असेल तो बिचारा मान डोलावेल.

हे सुचतं, कारण दोन वर्षांपूर्वीच्या पानगळीत मी हेच करत होतो. मी हात लांब करायचो. माझे वडील मान डोलवायचे.

बाबा त्या जूनमध्ये आले. आदल्या हिवाळ्यात आई गेली होती. मी एकुलता एक, आणि माझं इथलं नागरिकत्व नुकतंच झालेलं, त्यामुळे बाबांचं ग्रीन कार्ड करता येणार होतं. वकिलाने सांगितलं, नोव्हेंबरअखेरच्या परतीच्या विमानाच्या आत काय ते कळवा. म्हणजे सगळा उन्हाळा आणि सगळी पानगळ आमच्या घरात एकच प्रश्न जेवायला बसत होता: बाबा राहणार की जाणार? आम्ही विचारायचो. बाबा म्हणायचे, "बघू."

हे "बघू" साधं नव्हतं. बाबा मुंबईत बसच्या डेपोत टाइमकीपर होते. डेपोच्या फाटकाशी केबिन, केबिनला खिडकी, खिडकीत बाबा. कुठल्या नंबरची गाडी किती वाजता निघाली, कोण ड्रायव्हर, कोण कंडक्टर, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. माझ्या अगदी लहानपणी मुंबईत ट्रॉलीबसही होती. रूळ नाहीत, पण डोक्यावर विजेच्या तारा आणि त्यांना टेकलेले दोन लांब दांडे. वळणावर दांडा तारेवरून निसटला की बस जागच्या जागी मरायची, आणि कंडक्टर खाली उतरून दोरीने तो दांडा परत तारेवर बसवायचा. मला आठवते ती ठिणगी, आणि केबिनच्या खिडकीतून बाहेर आलेला बाबांचा हात. हात हलला की बस निघायची. त्या वयात माझी खात्री होती की बस त्या हातावरच चालते. तर असा माणूस "बघू" म्हणाला की समजायचं, गाडी फाटकात उभी आहे आणि हात अजून खिडकीबाहेर आलेला नाही.

आणि इथे, ट्रॉयमध्ये, दिवसभर त्या माणसाने करायचं काय? आम्ही दोघं ऑफिसात, नऊ वर्षांची आर्या शाळेत. सगळ्या पाहुण्या आईवडिलांना घेऊन देतात तसे पांढरे बूट मी मॉलमधून घेऊन दिले होते. ते घालून बाबा सबडिव्हिजनला, म्हणजे आमच्या घरांच्या वसाहतीला, फेरी मारायचे, वाटेत एकही माणूस भेटायचा नाही, परत यायचे, बूट पुसून ठेवायचे. त्या स्वच्छ बुटांकडे बघून मला धडकी भरायची. म्हटलं, हा माणूस राहायला हवा असेल तर याला इथे आपलं असं काहीतरी दाखवलं पाहिजे.

आणि मग मला ती कल्पना सुचली. माझ्या आयुष्यातली सगळी अरिष्टं याच वाक्याने सुरू झालेली आहेत.

इंटरनेटवर कुणा हौशी माणसाने डेट्रॉइटच्या जुन्या ट्राम, ट्रॉलीबस आणि बसच्या डेपोंबद्दल भरभरून लिहिलं होतं. कुठला डेपो कुठल्या रस्त्यावर होता, कधी पाडला, आता तिथे काय असावं. डेट्रॉइटला ट्रॉलीबस होती! मी खुर्चीतून उठलोच. मोटारींचं गाव म्हणवणाऱ्या या शहराच्या पोटात बाबांचीच दुनिया पुरलेली होती आणि ती आम्हीच उकरून काढायची होती. जेवताना मी जाहीर केलं, "बाबा, इथे पण ट्रॉलीबस होती म्हणे. डेपोसुद्धा होते. आता एकही नाही. आपण जागा शोधायच्या?"

"हो का?" बाबा म्हणाले.

मला तेवढं पुरलं.

पुढचे शनिवार मी एखाद्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टसारखे आखले. नकाशे छापले, रंगीत खुणा केल्या, डबा घेतला, कॅमेरा घेतला. दक्षिणेकडे निघायचं, एट माइल रस्ता ओलांडायचा आणि डेट्रॉइटमध्ये शिरायचं. आमच्या उपनगरातल्या भारतीय मंडळींत एट माइलच्या खाली, त्या बदनाम भागात, जायचं नाही, असा एक नियम आहे. तो कुणी केला कुणाला माहीत नाही, पण पाळतात सगळे. मी स्वतःला पुढारलेला समजत असल्यामुळे तो मोडायचो, आणि मोडताना गाडीची दारं लॉक करायचो. खट्. बाबांनी पहिल्या खेपेला विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "आपोआप होतं ते." नंतर त्यांनी विचारलं नाही. एट माइल आला की ते फक्त माझ्या बोटाकडे बघायचे.

नसलेली गोष्ट बघायची तरी कशी, हे एक शास्त्रच आहे आणि मी त्यात लवकरच स्वतःला आचार्य समजू लागलो. रस्त्याची कड एके ठिकाणी रुंद आणि खोलगट उतरती असेल, तर तिथून मोठ्या गाड्या आत जात असणार. भिंतीत उंचच उंच कमान विटांनी बुजवलेली असेल, तर ते दार. एखाद्या जुन्या खांबावर गंजलेला लोखंडी आकडा दिसला, तर तिथून तार वळली. हे सगळं बाबांना मी सांगायचो. बाबांना! ते पाठीमागे हात बांधून उभे राहायचे आणि म्हणायचे, "मोठा असणार." मी फोटो काढायचो.

एका जागी चर्च निघालं. आत प्रार्थना चालू होती हे मला दार उघडल्यावर कळलं, आणि मोठमोठ्या टोप्या घातलेल्या आज्यांनी आम्हाला पुढच्या बाकावर नेऊन बसवलं, उभं करून ओळख करून द्यायला लावली. मी "वी आर लुकिंग फॉर..." म्हणून थांबलो, तर सगळं चर्च "आमेन!" म्हणालं. एका जागी नुसतं कमरेएवढं पिवळं गवत होतं. आम्ही पाय टाकला तसा लांब शेपटीचा एक फेझंट पक्षी फडफडत उठला आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो बाबांनी ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं, हे त्यांचे उपकार. एका कारखान्याच्या करवतीसारख्या दातेरी छपराखाली मी बराच वेळ ट्रॉलीबसच्या देखभालीवर बोललो. शेवटी एक बाई बाहेर आली आणि म्हणाली, गाद्या घाऊक घेणार की किरकोळ?

आणि एकदा पोलीस आला.

मी बुजवलेल्या कमानीचा फोटो घेत होतो. गाडी मागे येऊन थांबली ती आवाज न करता. अंगावर कोट, हातात कॅमेरा, चेहऱ्याचा रंग आमचा आणि काळ अकरा सप्टेंबरनंतरचा. पोलिसाने विचारलं, काय चाललंय?

"ट्रॉलीबसचा डेपो शोधतोय."

"इथे ट्रॉलीबस नाही."

"म्हणूनच शोधतोय," मी म्हणालो. माझी जीभ माझ्या बाजूने कधीच नसते.

त्याने लायसन्स नेलं. तो आपल्या गाडीत बसून राहिला. वाऱ्याने पानं आमच्या पायांवर येऊन आपटत होती. नागरिकत्वाचा कागद घरी कपाटात, बाबांचा पासपोर्ट नीलिमाच्या लॉकरमध्ये. बाबा ताठ उभे होते, हात आता मागे नव्हते, दोन्ही बाजूंना सरळ सोडलेले, त्याला दिसतील असे. त्यांना हे कुणी शिकवलं मला माहीत नाही. पोलीस परत आला, लायसन्स दिलं आणि घरी जा म्हणाला.

गाडीत बाबांनी विचारलं, "काय म्हणाला?"

"म्हणाला, छान उपक्रम आहे."

"मग त्याचा हात कमरेवर का होता?"

मी रेडिओ लावला.

परतताना आम्ही सफरचंदांचा रस काढणाऱ्या एका सायडर मिलवर थांबायचो. गरम डोनट, कागदी पिशवीला लागलेलं तेल आणि दालचिनी, प्रेसमधून येणारा सफरचंदांचा आंबूस वास, गांधीलमाश्या. बाबांना डायबेटिस, म्हणून अर्धा डोनट त्यांचा आणि दीड माझा, हाही माझा त्याग. तिथल्या लाकडी बाकावर बसून ते रस्त्याकडे बघत राहायचे. एखादी बस गेली की विचारायचे, "ही कुठे जाते रे?"

"कुणास ठाऊक, बाबा. इथे बसने कोण जातं? नकाशात हा ग्रँड रिव्हर रस्ता बघा, ट्रॉलीबसचा डेपो याच बाजूला असणार. पुढच्या शनिवारी नक्की."

पण पुढच्या शनिवारी ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचा रिलीज आला. त्याच्या पुढच्या शनिवारी रिलीजमध्ये मीच घातलेली चूक निघाली. झाडं उघडी पडत चालली, विमान जवळ येत चाललं, आणि बाबा "बघू"च्या पलीकडे जाईनात. मी मनाशी ठरवून टाकलं, हा ट्रॉलीबसचा डेपो सापडला की बाबा हो म्हणतील. अशा वेळी माणसाची बुद्धी चालत नाही असं नाही. उलट अशा वेळी ती फारच चालते.

नोव्हेंबरातल्या एका कामाच्या दिवशी दुपारी ऑफिसात नीलिमाचा फोन आला. ती बाबांबरोबर जेवायला म्हणून घरी आली होती.

"मिलिंद, बाबा घरात नाहीत."

"फिरायला गेले असतील."

"बूट नाहीत, कोट नाही, टेबलावर डबा तसाच. जेवणाआधीची गोळीपण घेतली नाही त्यांनी."

"अगं, जातायत कुठे? इथे पायी कुठे जाताच येत नाही."

हे वाक्य मी मोठ्या खात्रीने म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर पहिल्यांदा मलाच ते ऐकू आलं.

घरी पोचलो. प्रत्येक रस्त्याने गाडी फिरवली. आमच्या सबडिव्हिजनमध्ये सगळे रस्ते वळून पुन्हा त्याच रस्त्याला मिळतात, त्यामुळे मी एकाच निळ्या टपालपेटीला पुन्हा पुन्हा भेटत होतो. पानं भरलेल्या कागदी गोण्या घरोघरी कडेला उभ्या होत्या, आणि लांबून प्रत्येक गोणी कोट घालून बसलेल्या म्हाताऱ्या माणसासारखी दिसत होती. मॉलमध्ये पाहिलं. लायब्ररीत पाहिलं. नीलिमाने पोलिसांना फोन केला. त्यांनी वर्णन विचारलं. ती सांगत होती, "उंची मध्यम, पांढरे बूट," आणि मध्येच थांबून माझ्याकडे बघून म्हणाली, "चष्म्याची फ्रेम कोणती आहे रे त्यांची?" मला सांगता आलं नाही. इतके शनिवार तो चेहरा माझ्या शेजारी बसला होता आणि मी पुढच्या काचेतून डेपो शोधत होतो.

आभाळ राखाडी होऊन खाली उतरलं होतं. बर्फाचे सुटे कण यायला लागले. आर्याची पिवळी स्कूलबस आली. ती उतरली, आमचे चेहरे पाहिले आणि दप्तर छातीशी धरलं.

"आजोबा कुठेयत माहितीये तुला?" नीलिमाने विचारलं.

"ही टेक्स द बस, मम्मा."

"कोणती बस?"

"द सिटी बस. माझी बस गेली ना, की ही वॉक्स टू द बिग रोड. एव्हरी डे. आय प्रॉमिस्ड नॉट टू टेल." मग तिचे डोळे भरले. "पण ही ऑल्वेज कम्स बॅक फॉर लंच. इज ही इन ट्रबल?"

आमच्या मोठ्या रस्त्यावरून बस जाते हेच मुळी मला माहीत नव्हतं. रोज तिच्या मागे अडकलो असेन, शिव्याही घातल्या असतील. पण ती बस म्हणजे माझ्या दृष्टीने रस्त्यावरचा एक अडथळा होता, त्यात माणसं चढत असतील हे ध्यानीमनी नव्हतं. आणि त्याच क्षणी सगळं माझ्यापुढे लख्ख झालं. बाबा डेपो शोधायला गेले! मी शनिवार बुडवले, विमान तोंडावर आलं, आणि त्यांनी ग्रँड रिव्हरचा ट्रॉलीबस डेपो एकट्याने शोधायचं ठरवलं. खरं सांगतो, बायको रडत असतानाही माझ्या आत कुठेतरी काहीतरी अभिमानाने फुगलं होतं. माझा प्रोजेक्ट माणसाला इतका लागला!

"मला माहितीये ते कुठे आहेत," मी म्हणालो.

"कुठे?"

"तेच माहीत नाही. पण मी शोधतो."

नीलिमाने ज्या नजरेने पाहिलं तिचं वर्णन इथे करत नाही.

एट माइल ओलांडताना माझं बोट बटणावर गेलं आणि तसंच राहिलं. लॉक केलं नाही. एवढ्यात बाबा कुठल्या कोपऱ्यावर दिसले तर दार पटकन उघडायला हवं होतं. चर्चपाशी गेलो, दाराला कुलूप. गवताच्या मैदानाशी उतरलो आणि मोठ्याने "बाबा!" म्हणून हाक मारली. त्या शहरात इतकी रिकामी जागा आहे की हाकेला आदळायला भिंतच मिळत नाही. ती जाते ती जातेच. गाद्यांच्या कारखान्यातल्या बाईने मला ओळखलं आणि मान हलवली. ग्रँड रिव्हरवर गाडी हळूहळू हाकत मी रस्त्याच्या कडा बघू लागलो. कुठे कड खाली उतरते? कुठे रुंद होते? कुठल्या खांबावर आकडा आहे? ज्या डेपोचा पत्ता मला इतके आठवडे लागला नव्हता, तो आता अंधार पडायच्या आत लागायला हवा होता, कारण तिथे डायबेटिसचा एक माणूस न जेवता उभा होता. कडा सगळ्या सारख्याच फुटलेल्या. खांब सगळेच गंजलेले. प्रत्येक इमारत डेपो वाटत होती आणि एकही नव्हती. एका रिकाम्या गॅरेजच्या ओट्यावर पांढरं काही दिसलं म्हणून धावलो, तर प्लास्टिकची पिशवी. ती बाबांच्या बुटांएवढीही नव्हती.

पोलीस स्टेशनलाच जावं म्हणून वुडवर्ड अॅव्हेन्यूवर आलो, सिग्नलला थांबलो. संधिप्रकाश संपत आला होता, दिवे लागत होते. माझ्या समोरून उत्तरेकडे जाणारी एक बस वळली. आत पूर्ण उजेड, जणू एखादी खोलीच रस्त्यावरून चालली आहे. त्या खोलीत खिडकीशी बाबा बसलेले होते.

डोक्यावर माझी जुनी लोकरी टोपी. शेजारी एक वयस्क बाई, मांडीवर किराण्याची पिशवी. ती काहीतरी सांगत होती, आणि बाबा हसत होते. नुसतं हसू नव्हे. मान मागे टाकून. आई गेल्यापासून मी तो गळा वर झालेला पाहिला नव्हता.

सिग्नल हिरवा झाला हे मागच्या माणसाने मला कळवलं.

मी बसच्या मागे लागलो. पुढच्या स्टॉपवर बस थांबली, मी मागे थांबलो, गाडीतून उतरून दाराकडे पळालो. दार मिटलं, बस निघाली, आणि मी वुडवर्डच्या मधोमध, माझ्या गाडीचं दार उघडं, मागे हॉर्नचा वाद्यवृंद. पुन्हा गाडीत. पुढे काढून आडवी घालावी तर बसचा ड्रायव्हर काय समजेल? या शहरात, या रंगाने, बसला गाडी आडवी घालायची? हॉर्न वाजवला तर त्याने काच खाली करून जो हात केला तो निघा म्हणणारा नव्हता. दोनदा लाल दिव्याने आम्हाला वेगळं केलं आणि दोन्ही वेळा मला खात्री झाली की आता ती उजेडाची खोली कायमची गेली. तेवढ्यात फोन वाजला.

"सापडले," मी ओरडलो.

"कुठे?"

"माझ्या पुढे!"

"अरे मग बसव ना गाडीत!"

"ते बसमध्ये आहेत. मी मागे आहे."

"तू बसच्या मागे गाडी घेऊन फिरून राहिला? बसचं तिकीट काढता येत नाही का तुला?"

खरंच, येत नव्हतं.

तसाच मागे जात राहिलो. ती बाई मध्ये कुठेतरी उतरली, बाबांनी तिला हात केला. मग ते एकटेच खिडकीला कपाळ लावून बाहेर बघत होते. दुकानं, पेट्रोलपंप, टायरवाले, रिकामे प्लॉट. ते सगळं बघत होते, आणि मी त्यांना बघत होतो. आमचा मोठा रस्ता आला तसे ते उठले, हात वर केला, खिडकीवरची पिवळी दोरी ओढली. पुढे पाटीवर बस थांबणार असल्याची लाल अक्षरं उजळली. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान मला मागच्या काचेतूनही दिसलं.

ते उतरले, ड्रायव्हरला काहीतरी म्हणाले. मी गाडी कडेला लावली, लुकलुकणारे दिवे लावले आणि धावलो.

"कुठे होतात तुम्ही?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"अरे, तू? नदीवर गेलो होतो."

"नदीवर?"

"शेवटच्या स्टॉपवर उतरलं की पायी जाता येतं. पलीकडे कॅनडा दिसतो. मालाचं मोठं जहाज चाललं होतं, संपेचना. मग बस चुकली. दुसरी उशिरा होती."

"जेवलात? गोळी?"

"गोळी नाही. एका बाईने संत्रं दिलं. नीलिमा काळजीत असेल ना? चुकलं माझं."

"मी तुम्हाला सगळ्या डेपोंत शोधतोय! चर्चमध्ये, गवतात, गाद्यांच्या कारखान्यात..."

"डेपोत?" बाबांनी टोपी मागे सारली. "डेपोत कशाला जाईन मी?"

"तुम्हाला आवडतात म्हणून!"

"मला?" ते माझ्याकडे बघत राहिले. "अरे, तुला आवडतात म्हणून मी येत होतो. रिटायर झालो त्या दिवशी म्हटलं, सुटलो एकदाचा त्या फाटकातून. इथे येऊन बघतो तर तू दर शनिवारी नकाशे घेऊन तयार. म्हटलं, ऑफिसात ताण असेल, काहीतरी नाद लागलाय पोराला. एकट्याला कसं सोडायचं त्या भागात? दारं लॉक करताना तुझं बोट कापतं."

गाडीचे दिवे टिकटिक करत होते. मला हसू येत होतं आणि दुसरंही काहीतरी येत होतं, आणि दोन्ही एकाच दारातून बाहेर पडायला बघत होती.

"सांगून तरी जायचं, बाबा."

"सांगितलं असतं तर तू सोडायला आला असतास."

या वेळी मान मी डोलावली.

"आयुष्यभर बस सोडल्या," बाबा म्हणाले. "कुठे जाते ते बघायला कधी बसलो नाही. इथे म्हटलं, बसून बघू. खिडकीत जागा मिळते रोज."

मी लगेच धरलं. असल्या संधी सोडायच्या नसतात. "मग राहा ना. बस आहे इथे. रोज जा. मी पास काढून देतो, मोबाइल घेऊन देतो..."

बाबांनी माझ्या खांद्यावरचा बर्फ झटकला. "बस आहे रे. तासाला एक. पण तिथे मुंबईत घरातून खाली उतरलो की वाणी विचारतो, कुठे चाललात? वॉचमन विचारतो, कुठे चाललात? इथे तुम्ही सगळे विचारता, कुठे नेऊ? चांगले आहात तुम्ही. त्याबद्दल काही नाही." त्यांनी टोपी सरळ केली. "पण मी जाणार. वकिलाला सांगून टाक."

"बघू" संपलं होतं. मोठ्या रस्त्यावरून गाड्या जात होत्या, प्रत्येक गाडीत एक माणूस, प्रत्येक गाडी आमच्यावर उजेड टाकून पुढे. मी काही म्हणायला तोंड उघडलं आणि सवयीने माझा हात गाडीच्या दाराकडे गेला. घर जवळच होतं, पण या रस्त्याला फुटपाथ नाही, अंधार पडलेला, बर्फ चालू, ते उपाशी. सोडतो म्हणालो असतो तर ते आले असते. न बोलता बसले असते. मी दार उघडलंही होतं.

बंद केलं.

"कुठे चाललात, बाबा?"

त्यांनी चष्म्याच्या काचा पुसल्या. काळी फ्रेम, कडांना तपकिरी. "घरी," ते म्हणाले. "ती गाडी नीट लाव कुठेतरी आणि ये मागून. मला भूक लागलीय, थांबणार नाही मी."